बिलावरची अक्षरी रक्कम: एका बिलिंग सॉफ्टवेअरचा अनुभव
धनादेशावरील अंक आणि अक्षरे यांत तफावत आढळल्यास बहुतेक ठिकाणी अक्षरी रक्कमच ग्राह्य धरली जाते, म्हणून वर्षभर वापरलेल्या या सॉफ्टवेअरची पारख मी प्रथम त्या एका ओळीवरून केली. मराठीत ९९ पर्यंतचे शब्द ठरावीक नियमाने जुळवता येत नाहीत, ५९ ला ‘एकोणसाठ’च लिहावे लागते, येथे तो संपूर्ण तक्ता अचूक भरलेला आहे, ही मला मनापासून आवडलेली बाब. लाख-कोटी की मिलियन, हेही निवडता येते. मात्र १,०५,०००.५० सारख्या रकमेतील अपूर्णांक अक्षरांत गाळला जातो, आणि रक्कम लांबली की शेवटचा ‘फक्त’ चौकटीबाहेर कापला जातो; पुढे कोणी काही जोडू नये यासाठीच तो शब्द असतो, त्यामुळे हा दोष मी किरकोळ मानत नाही.