तारांची वीण आणि एक नकार: पेठेतील सायकल-दुकानाचा अनुभव

पुण्याच्या मध्यवर्ती पेठेतील एका जुन्या सायकल-दुकानातून मी डिस्क ब्रेकच्या सायकलीसाठी 32 तारांची दोन्ही चाके बांधून घेतली. पुढचे चाक रेडियल असावे, म्हणजे तारा एकमेकींना न ओलांडता हबमधून (चाकाच्या मधल्या भागातून) सरळ रिमपर्यंत (बाहेरच्या कडीपर्यंत) जाव्यात, अशी माझी मागणी होती. कारागिरांनी ती शांतपणे नाकारली, आणि या दुकानाची शिफारस मी प्रामुख्याने त्या नकारामुळेच करतो आहे.

त्यांचे कारण बिनतोड होते. रिम ब्रेक थेट रिमलाच पकडतो, त्यामुळे तेथे पुढचे रेडियल चाक चालून जाते. डिस्क ब्रेक मात्र हबला रोखतो आणि तो पीळ रिमपर्यंत पोहोचवण्याचे काम तारांना करावे लागते, जे हबच्या कडेला स्पर्शिकेसारख्या निघणाऱ्या तारांनाच नीट साधते. 32 तारांच्या चाकात प्रत्येक फ्लँजवर, म्हणजे हबच्या दोन्ही बाजूंच्या तारा अडकवायच्या चकतीवर, 16 भोके, म्हणजे दोन भोकांत साडेबावीस अंशांचे अंतर असते. तीन क्रॉस घेतल्यास, म्हणजे प्रत्येक तारेने त्याच बाजूच्या तीन तारांना ओलांडल्यास, तार साडेसदुसष्ट अंश वळून निघते, तर चार क्रॉस घेतल्यास ती शेजारच्या तारेच्या डोक्यावर चढू लागते. 24 तारांच्या चाकाला दोन क्रॉस पुरतात, हेही त्यांनी ओघात सांगितले. शिवाय रेडियल तारा फ्लँजला थेट बाहेर ओढतात, म्हणून अनेक हब-उत्पादक त्या रचनेला वॉरंटी देत नाहीत. राहता राहिला वजनाचा फायदा, तो थोड्या ग्रॅमचा.

मागच्या चाकालाही तीनच क्रॉस दिले. कॅसेटच्या (मागच्या दातेरी गिअर-चक्रांच्या) बाजूच्या तारा अधिक उभ्या बसत असल्याने त्यांचा ताण दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त ठेवावा लागतो. तो त्यांनी मीटरने तपासला, समांतर तारा जोडीजोडीने मुठीत आवळून बसवल्या आणि मग पुन्हा आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढला. सिंहगडाच्या घाटातून ब्रेक दाबत उतरल्यानंतरही चाके सरळ आहेत.

मजुरी धरून खर्च तयार चाकांपेक्षा अधिक येतो, हे आधीच लक्षात घ्यावे. ताणाचे आकडे आणि तारांची लांबी बिलावर लिहून मिळत नाहीत, ही मात्र मला खरी उणीव वाटते, कारण पुढे एखादी तार तुटली की त्याच मापाची तार शोधावी लागते. हब आणि रिम सोबत घेऊन जावे. मापे प्रत्यक्ष घेतल्याशिवाय ते तारा मागवत नाहीत.