गंजाखालून ‘निघालेला’ शिवकालीन लेख

आमच्या घरात सरळ पात्याची एक जुनी तलवार आहे. आजोबा तिला फिरंग म्हणत. मुठीजवळ, पात्याच्या दोन्ही बाजूंना, एकमेकींकडे तोंड केलेल्या दोन चंद्रकोरी ठोकलेल्या होत्या. कडेला बारीक दाते, टोकांशी टिंबं. ‘होत्या’ असं लिहावं लागतंय, म्हणूनच हे सांगतोय.

त्या खुणेनं मला कित्येक वर्षं झपाटलं होतं. पोर्तुगीजांच्या व्यापारातून युरोपातली पाती दख्खनेत आली, इथल्या कारागिरांनी त्यांना इथल्या मुठी बसवल्या, म्हणून नाव फिरंग. दातेरी चंद्रकोरींचा संबंध इटलीतल्या जेनोआशी लावतात. पण या खुणेला इतका भाव होता की युरोपातल्या इतर गावांत, कॉकेशसात, अफगाणिस्तानात आणि आपल्याकडेही तिची नक्कल झाली. त्यामुळे नुसत्या खुणेवरून पातं कुठलं ते ठरत नाही. आमचं पातं परदेशी की इथल्याच लोहाराचं, हे कोडं मला सुटलं नव्हतं, आणि ते मला फार प्रिय होतं.

पात्यावर लाल गंज चढायला लागला म्हणून एका माणसाकडे ते दिलं. बोलणं जाणकाराचं, कपाटात चार जुन्या कट्यारी. ‘फक्त गंज काढतो, तेल लावतो,’ म्हणाला. आठ दिवसांनी फोन आला: ‘दादा, नशीब काढलंत! गंजाखाली देवनागरी लेख निघालाय. पण तो सोडवायला वेळ लागेल, खर्च वाढेल.’ त्यानं मागितले तेवढे पैसे मी दिले. त्या रात्री आनंदानं झोप लागली नाही.

तलवार हातात आली तेव्हा आरशासारखी चकाकत होती. चंद्रकोरींच्या जागी अक्षरं होती, ‘श्री शके १५९६’. म्हणजे इसवी सन १६७४, नेमकं राज्याभिषेकाचं वर्ष. वर आणखी पैसे दिले तर ‘शिवकालीन असल्याचं पत्र’ही तो देणार होता. तिथे मी थबकलो. शंभर वर्षांवरच्या वस्तूंचा व्यापार करायला १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार परवाना लागतो. तो दाखवा म्हटल्यावर त्यानं विषय बदलला.

घरी येऊन भिंगातून पाहिलं. गंज धातू खातो तेव्हा अक्षरालाही खातो. कडा बोथट होतात, मध्येच खड्डे पडतात. इथे उलट होतं. अक्षराची रेघ गंजाच्या जुन्या खड्ड्याला कापून पुढे गेली होती आणि रेघेचा तळ नव्या टाचणीसारखा चमकत होता. ‘श्री’ तर सरळ आजच्या छापील वळणाची. मग मोबाइलमधले जुने फोटो काढले. गंजलेल्या पात्यावर चंद्रकोरी स्पष्ट, आणि अक्षराचा मागमूस नाही. पातं बफिंगच्या चाकावर घासून खूण उडवली, वर नवा लेख कोरला आणि मला तो ‘सापडला’ म्हणून विकला. पात्यावरच्या लांब खाचेच्या, म्हणजे पन्हळीच्या, कडाही गोल झाल्यात. पैशांचं दुःख आहेच, पण घासून गेलेला धातू कुणीच परत आणू शकत नाही.

जुनं पातं कुणाच्याही हाती देण्याआधी त्याचे फोटो घ्या. अंधारात बॅटरी पात्याला जवळजवळ टेकवून तिरपा उजेड पाडा. पुसट खुणाही उठून दिसतात. वजन करून ठेवा, मुठीजवळची जाडी मोजून ठेवा. गंज भुसभुशीत, लाल असेल तर तेल लावून रात्रभर ठेवा आणि बांबूच्या कामटीनं हळूहळू खरवडा. खालचा घट्ट काळा थर राहू द्या, तो पात्याचं रक्षण करतो. पॉलिश पेपर, आम्ल, फिरतं चाक यातलं काहीही पात्याला लागता कामा नये. मूठ गरम करू देऊ नका, आत राळ-लाख भरलेली असते, ती सुटते. आणि दुरुस्तीवाल्याला गंजाखाली काही ‘सापडलं’ तर काम तिथेच थांबवा, ते पुसण्याआधी, कोरण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

परवा तलवार पुन्हा तेल लावायला काढली. मुठीतून पात्यावर उतरणाऱ्या लोखंडी पट्टीच्या कडेला, जिथे चाक पोचलं नाही, तिथे एका चंद्रकोरीचं टोक अजून आहे. तीन दाते मोजता येतात.