पेटीवाल्याच्या घरी ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो: आठ महिन्यांनंतर

आधीच सांगतो, मी पेटीवाला. तीस वर्षं डावा हात भाता मारण्यात गेला. आणि पियानो घेतला तो नेमका अमेरिकन जॅझ पियानोवादक जेम्स पी. जॉन्सनच्या 'कॅरोलायना शाउट' या रचनेपायी, जिथे सगळा भार डाव्या हातावर!

स्ट्राइड पियानोचा जनक म्हणतात तो हाच. जन्म १८९४, न्यू जर्सी. डावा हात खर्जातला सूर मारून लगेच मधल्या सप्तकातल्या कॉर्डवर (एकदम वाजणाऱ्या सुरांवर) उडी घेतो, की पुन्हा खाली. डग्गा आणि चाट एकाच हातात म्हणा ना. न्यूयॉर्कच्या 'जंगल्स कसीनो'त दक्षिणेतून आलेल्या कृष्णवर्णीयांना नाचवता नाचवता त्याने ही चाल घडवली. एवढ्या उड्यांना माझा जुना ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड तोकडा पडला. शिवाय त्याच्या पट्ट्या इतक्या हलक्या, की हात कुठे पडला ते कळायचंच नाही. इथे पट्ट्या जड आहेत. पहिला महिना मनगट दुखलं, मग उड्या आपोआप जागेवर पडू लागल्या.

'कॅरोलायना शाउट'चा पियानो रोल (आपोआप वाजणाऱ्या पियानोत घालायची भोकं पाडलेली कागदी गुंडाळी) हळू फिरवून, खाली जाणाऱ्या पट्ट्यांवर बोटं ठेवत पुढे जॅझमध्ये गाजलेला तरुण ड्यूक एलिंग्टन ती शिकला. मी तिची मिडी फाइल (डिजिटल पियानोला सूर वाजवायला सांगणारी फाइल) निम्म्या लयीत लावून तेच केलं. तरी फसलो. डावा हात सरळ दोन-दोन चालतोय म्हणावं, तर मध्येच आठ मात्रांचे ३+३+२ करून ठेवतो. तिहाया ऐकून मुरलेल्या कानालाही चकवा बसतो.

आता तक्रारी. अंगच्या स्पीकरमधून खर्ज गुदमरल्यासारखा येतो, हेडफोन हवाच. पण हेडफोन लावला तरी पट्ट्यांची धपधप खालच्या मजल्यावर जाते. रात्री दहानंतर शेजारचे काका वर येऊन गेलेत. पेडल फरशीवर सरकतं. आणि जॉन्सनचा शिष्य फॅट्स वॉलर षड्जापासून तार गंधारापर्यंत एका हातात धरायचा. माझा पंजा तार षड्जावर संपतो. याला यंत्र काय करणार?

जगभर नाचली गेलेली १९२३ची 'चार्ल्सटन'ची धून जॉन्सनचीच, हे मला पियानो घेतल्यावर कळलं. १९५१च्या पक्षाघाताच्या झटक्यानं त्याचं वाजवणं थांबलं, १९५५ला गेला. कबरीवर नावाचा दगड यायला २००९ उजाडलं.

मी निम्म्या लयीवरून पाऊण लयीला पोचलोय. पेडलखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलाय, आता हलत नाही.