कॅट की सीईटी? वाचनाच्या अंगाने एक तुलना

कोल्हापुरात पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आणि एमबीएचा विचार करणाऱ्या मुलामुलींपुढे मुख्यतः दोन परीक्षा असतात: आयआयएम या राष्ट्रीय व्यवस्थापन संस्थांची कॅट आणि राज्याच्या सीईटी कक्षाची एमबीए सीईटी. निवड करताना बहुतेक जण आधी आपले गणित तपासतात. माझ्या मते आधी वाचन तपासायला हवे. गणिताचा बराचसा भाग शालेय पातळीचा असल्याने तो काही महिन्यांच्या सरावाने पक्का करता येतो. इंग्रजीतला अनोळखी मजकूर एका बैठकीत समजून घेण्याची सवय मात्र तेवढ्या अवधीत क्वचितच लागते.

कॅट साधारणपणे नोव्हेंबरच्या अखेरीस होते. तिचे तीन भाग प्रत्येकी ४० मिनिटांचे असतात आणि एका भागात वाचवलेला वेळ दुसऱ्या भागासाठी वापरता येत नाही. २०२४ च्या परीक्षेत एकूण ६८ प्रश्न होते. त्यांपैकी २४ भाषेचे आणि त्यांतले १६ चार उताऱ्यांवर आधारलेले. उतारे इतिहास, समाजशास्त्र, पर्यावरण, तत्त्वज्ञान अशा कोणत्याही विषयावरचे असू शकतात आणि प्रश्न बहुधा माहितीवर नसून युक्तिवादावर असतात: लेखकाने काय गृहीत धरले आहे, कोणत्या विधानाने त्याचे म्हणणे लंगडे पडेल, चार पर्यायांपैकी तीन जवळपास बरोबर वाटत असताना चौथाच का घ्यायचा. बहुपर्यायी प्रश्नाच्या बरोबर उत्तराला तीन गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो, म्हणून अर्धवट समजलेला उतारा सोडवणे महागात पडते. माहितीचे विश्लेषण आणि तर्क या दुसऱ्या भागातही लांबलचक अटी नीट वाचल्याखेरीज आकडेमोडीला हात घालता येत नाही. शब्दार्थांच्या याद्या पाठ करण्यात अनेक जण आजही महिने घालवतात, पण सुट्या शब्दांचे अर्थ विचारणारे प्रश्न या परीक्षेतून केव्हाच मागे पडले आहेत.

सीईटीची गोष्ट वेगळी आहे. १५० मिनिटांत २०० प्रश्न सोडवायचे, म्हणजे सरासरी एका प्रश्नाला ४५ सेकंद; चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तर्काचे ७५, आकृत्यांच्या तर्काचे २५, गणिताचे ५० आणि इंग्रजीचे ५० अशी विभागणी असल्याने निम्मे गुण तर्कावरच मिळतात. इथे खोल वाचनापेक्षा वेग आणि नेमके कोणते प्रश्न आधी उचलायचे याची जाण कामी येते. मराठी माध्यमातून आलेल्या, हिशेबात चपळ पण इंग्रजी परिच्छेदापुढे अडखळणाऱ्या विद्यार्थ्याला ही परीक्षा अधिक न्याय देते, आणि तसे म्हणण्यात कमीपणा काहीच नाही. मुंबईतील जमनालाल बजाज संस्थेचा रस्ताही याच परीक्षेतून जातो.

परीक्षेनंतरचा टप्पा तर आणखी भिन्न आहे. सीईटीनंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत गुणवत्ता क्रमांक आणि पसंतीक्रम यांवर जागा मिळते; मुलाखत नसते. आयआयएममध्ये कॅटच्या जोडीला दहावी, बारावी व पदवीचे गुण पाहिले जातात, आणि मग मुलाखत, बऱ्याच ठिकाणी लेखनचाचणीही असते. मुलाखतीत उमेदवाराच्या गावाबद्दल हमखास विचारले जाते, आणि तिथे कोल्हापूरचा विद्यार्थी मराठी वाचनावरही उभा राहू शकतो. उसाची एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, कोण ठरवते आणि साखरेच्या भावाशी या दराचा मेळ का बसत नाही, गोकुळसारखा सहकारी संघ खासगी दूध कंपनीहून कोणत्या बाबतीत वेगळा आहे, २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळूनही कोल्हापुरी चप्पल बनवणाऱ्या कारागिराच्या हाती किती पडते, उद्यमनगरातील फौंड्रीवाला कच्च्या मालाच्या चढउताराला कसे तोंड देतो, हे ज्याने वाचले आणि विचारून घेतले आहे, त्याचे उत्तर पाठ केलेले वाटत नाही.

वाचनाच्या सोयींची कोल्हापुरात अडचण नाही. १८५० साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर आहे, आणि शिवाजी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे. इंग्रजी संपादकीये उपयोगी असली तरी ती बव्हंशी परिचित विषयांवरची असतात. कॅटसाठी आपल्याला रस नसलेल्या विषयावरचे दीर्घ निबंध वाचून प्रत्येकाचा गाभा दोन वाक्यांत, हवा तर मराठीत, लिहून काढणे अधिक फळते. घर सोडून बाहेर राहण्याचा खर्च झेपणार नसेल, तर १९७६ पासून चालू असलेली ‘सायबर’ ही इथली व्यवस्थापन संस्था किंवा विद्यापीठातले एमबीए यांच्यासाठी कॅटच्या वाचनात वर्ष घालवण्याचे कारण नाही. सीईटीची तयारी पुरेशी आहे.

निर्णय होत नसेल, तर कॅटची एखादी जुनी प्रश्नपत्रिका घेऊन फक्त भाषेचा भाग घड्याळ लावून सोडवावा. चार उताऱ्यांपैकी तीन नीट समजले आणि चुका पर्याय निवडण्यात झाल्या, तर कॅटची तयारी जरूर करावी. सीईटी त्यानंतर काही महिन्यांनी होत असल्याने तर्क आणि वेगाचा सराव मधल्या काळात करता येतो. वेळ संपला तेव्हा दुसराच उतारा चालू असेल आणि परीक्षा याच वर्षी द्यायची असेल, तर सीईटीला प्राधान्य द्यावे. एक वर्ष हाताशी असेल, तर मात्र रोज तासभर वाचन सुरू करून तीन महिन्यांनी दुसऱ्या प्रश्नपत्रिकेवर हीच चाचणी पुन्हा घ्यावी आणि शिकवणीचे शुल्क तोवर भरू नये.