लोणीच्या जटा आणि घरी येणाऱ्या ग्रूमर ताई

पर्शियन मांजर पाळणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितेय.

आमची लोणी साडेचार वर्षांची, क्रीम रंगाची. विकणारे ज्याला 'डॉल फेस' म्हणतात तसा चेहरा. नाक बसकं, पण 'पंच फेस'सारखं पार आत दबलेलं नाही. गोल डोकं, इवलेसे कान, आखूड जाड पाय, तांबूस डोळे. येणारा-जाणारा थांबून बघतोच. पण त्या लांब केसांखाली आणखी एक मऊ, दाट थर असतो आणि गुंततो तो तोच. दोन दिवस कंगवा चुकला की काखेत, कानामागे जटा धरल्याच.

आणि स्वभाव अगदी गरीब. आमच्या गिरगावातल्या चाळीतले बोके रात्रभर गळा काढतात. ही दुखलंखुपलं तरी गप्प पडून राहते. त्यामुळेच गेल्या पावसाळ्यात मी फसले. एका दुकानात नेलं, त्यांनी सरळ मशीन फिरवून 'लायन कट' केला, म्हणजे मानेभोवतीची आयाळ आणि शेपटीचं टोक सोडून अंगावरचे केस उतरवले. घरी आल्यावर पोटाखाली बोटभर कापलेलं दिसलं. "ओरडली नाही हो एकदाही," एवढंच त्यांचं उत्तर. मला रात्रभर झोप लागली नाही.

मग ओळखीतून कांदिवलीच्या या ग्रूमर ताई मिळाल्या, घरी येऊन मांजरांचे केस विंचरून, आंघोळ घालून देणाऱ्या. आल्या आल्या त्यांनी लोणीला उचललं नाही. दहा मिनिटं नुसत्या फरशीवर बसून राहिल्या. मग काखेतली जट मुळाशी दोन बोटांत घट्ट धरली, म्हणजे कातडीला ओढ बसत नाही. वर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर चोळलं आणि स्टीलच्या कंगव्यानं टोकाकडून चार-चार केस सोडवत मुळाशी आल्या. कात्री पिशवीबाहेर काढलीच नाही. मांजराची कातडी पातळ, जटेबरोबर ती वर उचलली जाते आणि तिथेच कापतं, हे माझं बोट तिथे टेकवून दाखवलं. जटा आधी, आंघोळ नंतर. भिजली की गाठ आवळते. मी इतकी वर्षं उलटं करत होते!

"ही ओरडून सांगणार नाही. शेपटीचं टोक बघत जा, ते हलायला लागलं की हात थांबवायचा," त्या म्हणाल्या. त्यांनी स्वतः तीनदा थांबवला.

ड्रायर मंद, तोंडापासून लांब, कारण बसक्या नाकाला गरम हवा सोसत नाही. पण आतला थर पूर्ण सुकेपर्यंत उठल्या नाहीत. आपल्या जुलैच्या दमट हवेत ओल राहिली की बुरशी धरायला वेळ लागत नाही. डोळ्यांखालचे तपकिरी ओघळ कोमट पाण्याच्या कापसानं पुसायचं काम मात्र रोज माझंच.

दोन तासांचे १,५०० रुपये घेतले. पहिल्या खेपेला चाळीस मिनिटं उशीर झाला आणि फोनही नाही, हे आवडलं नाही. शनिवार-रविवार तर मिळतच नाही. मी पुढची तारीख मंगळवारची घेतलीय, अर्धी रजा टाकून.