किंग ऑफ डीडीटी की डी-ओ ग्रांप्री?

जपानी रेसलिंगची नव्याने गोडी लागलेल्या मैत्रिणीने विचारलं, डीडीटी या जपानी रेसलिंग कंपनीच्या या दोन स्पर्धांपैकी कुठली आधी बघू?

खर्चात फरक नाही. दोन्ही 'रेसल युनिव्हर्स' या ऑनलाइन व्हिडिओ सेवेच्या वर्गणीत येतात. वेळेचंही तसंच. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, त्यामुळे तिथला संध्याकाळी साडेसहाचा कार्यक्रम इथे दुपारी तीनला.

किंग ऑफ डीडीटी बाद पद्धतीची. हरला की घरी. भाषा कळली नाही तरी काही अडत नाही, आणि थोड्याच कार्यक्रमांत निकाल लागतो.

ग्रांप्री म्हणजे दोन गटांची साखळी: विजयाला 2 गुण, बरोबरीला 1. ती कित्येक आठवडे चालते, गुणतक्ता जवळ ठेवावा लागतो. पण माझा जीव हिच्यात अडकलाय. निवेदक 'नोकोरी इप्पुन', म्हणजे एक मिनिट उरलं, असं पुकारतो, दमलेला गडी सरपटत प्रतिस्पर्ध्यावर हात टाकतो, पंचाचे तीनपैकी दोन आकडे मोजून होतात, खांदा उचलला जातो आणि वेळ संपल्याची घंटा वाजते. बरोबरी! त्या एका गुणाने अख्खा गट फिरतो! बाद फेरीत ही हुरहुर मिळत नाही.

एखादाच शनिवार-रविवार मोकळा असेल, कुस्तीगीर ओळखीचे नसतील, तर किंग बघ. चेहरे ओळखीचे झाले, रोज थोडं बघायची सवय लागली, की ग्रांप्री पहिल्या दिवसापासून धर.