ओलान्झापिनचे नऊ महिने आणि अरिपिप्राझोलचे चार

आवाज कधी थांबले ते कळलंच नाही. ओलान्झापिन, म्हणजे नसलेले आवाज आणि खोटे संशय यांवरची गोळी, सुरू होऊन तिसरा आठवडा असेल. रात्री बेसिनचा नळ ठिबकत होता आणि मी बराच वेळ नुसता ऐकत उभा राहिलो. त्या ठिबकण्यात कोणी माझं नाव घेत नव्हतं. त्याआधी पाच महिने पंखा, लिफ्ट, शेजारचा टीव्ही, सगळे माझ्याबद्दलच बोलायचे. पुढे मी या गोळीबद्दल बरीच कुरकुर करणार आहे; ती वाचताना हा नळ लक्षात असू द्या.

सुरुवात ५ मिलिग्रॅमने झाली, पंधरा दिवसांत १० वर गेलो. झोप पहिल्याच रात्रीपासून, अगदी दगडासारखी. संशय मात्र हळूहळू विरला. 'कॅमेरा लावलाय'चं आधी 'असेलही' झालं आणि मग एक दिवस ते आठवेनासंच झालं.

आता भूक. जेवून वीस मिनिटं झालेली, पोट टम्म, तरी पाय फ्रीजकडे. 'तोंडावर जरा ताबा ठेव' म्हणणाऱ्यांना उत्तर देणं मी सोडून दिलं. हे औषध मेंदूतले हिस्टामिनचे रिसेप्टर अडवतं, पेंग आणि खा-खा यांत त्याचा मोठा वाटा असतो, असं डॉक्टरांनी नंतर समजावलं. 'नंतर' हीच माझी तक्रार. गोळी सुरू करतानाच वजन, कंबर, बीपी, उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल बघायला हवं होतं. वजन चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याला, साखर बाराव्या आठवड्याला पुन्हा, असं अमेरिकेतल्या मधुमेह आणि मानसोपचार संघटनांनी २००४ सालीच सांगून ठेवलंय. माझं यातलं काहीच झालं नाही. सहाव्या महिन्यात मीच काट्यावर उभा राहिलो: १३ किलो जास्त. पट्ट्याची भोकं संपली होती. खिळा तापवून दोन नवी पाडली. साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. मग मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी सुरू झाली.

सातव्या महिन्यात सिगारेट सोडली आणि आठवड्याभरात भर दुपारी खुर्चीतच डोळा लागायला लागला. सिगारेटच्या धुराने यकृतातलं एक एन्झाइम जोरात चालतं आणि ओलान्झापिन लवकर निपटतं. धूर बंद झाला की तेवढीच गोळी अंगात जास्त उरते. (निकोटिनचा यात संबंध नाही, धुराचा आहे.) डोस ७.५ वर आणावा लागला. सिगारेट सोडणार असाल तर डॉक्टरांना आधी सांगा, मी सांगितलं नव्हतं.

ओलान्झापिनसारख्या औषधांना 'नवी पिढी' म्हणतात, त्या नावावर फार जाऊ नका. माझे एक मामा वर्षानुवर्षं हॅलोपेरिडॉल या जुन्या पिढीच्या औषधावर होते. हात ताठ, चेहरा कोरा, ओठ सतत चघळल्यासारखे हलायचे. नव्या औषधांत हे कमी होतं, अजिबात होत नाही असं नाही. २००५ साली केटी नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, सुमारे दीड हजार रुग्णांचा. त्यात ७४ टक्के लोकांनी १८ महिन्यांच्या आत आपलं औषध सोडलं किंवा बदललं. सगळ्यात जास्त टिकलं ओलान्झापिन, आणि वजनही त्यानेच सगळ्यात जास्त वाढवलं. रिस्पेरिडोनसारखी इतर नवी औषधं परफेनाझिन या जुन्या गोळीपेक्षा विशेष सरस ठरली नाहीत. वाचून मला बरं वाटलं, म्हणजे चिडचिड माझी एकट्याची नव्हती.

नवव्या महिन्यात एक कमी करत दुसरं वाढवत अरिपिप्राझोल या नव्या पिढीच्याच दुसऱ्या गोळीवर आलो. भूक दोन आठवड्यांत माणसात आली. पण दुसऱ्याच आठवड्यात पायात काहीतरी शिरलं. दात घासताना उभं राहवेना, ब्रश तोंडात धरून खोलीभर फेऱ्या. बसलं की उठावंसं, उठलं की बसावंसं. मला वाटलं आजार उलटला. बायकोलाही तेच वाटलं. निघाला अकाथिझिया, म्हणजे औषधाने येणारी, स्वस्थ बसू न देणारी बेचैनी, या औषधाचा नेहमीचा त्रास. डोस १५ वरून १० केला आणि या बेचैनीवर प्रोप्रानोलोल ही गोळी दिली. पण अरिपिप्राझोलला अंगातून निम्मं व्हायलाच तीनेक दिवस लागतात, त्यामुळे फरक पडायला दोन आठवडे गेले. त्या दोन आठवड्यांत गोळी फेकून द्यावीशी रोज वाटली. फेकली नाही, कारण बायको डबी स्वतःकडे ठेवायची.

सध्या १० मिलिग्रॅम, सकाळी. झोप पूर्वीइतकी गाढ नाही, चारला जाग येते. आवाज नाहीत. चार महिन्यांत ५ किलो उतरलं आणि खिळ्याने पाडलेल्या दोन भोकांपैकी एक आता लागत नाही.